प्रस्तावना : त्वचेचा लिम्फोमा आणि फिकट चट्ट्याचे निदान

अंगावरच्या फिकट चट्ट्याकडे बारकाईने पाहण्याची शिस्त महाराष्ट्रातील ज्या थोड्या जिल्ह्यांत फार लवकर रुजली, त्यांत वर्धा जिल्ह्याचा क्रम वरचा लागतो. मनोहर दिवाण यांनी १९३६ मध्ये दत्तपूर येथे कुष्ठरुग्णांच्या सेवेचे काम उभे केले, सेवाग्राम आश्रमात कुष्ठरोग झालेल्या परचुरे शास्त्री यांची शुश्रूषा गांधीजींनी स्वतःच्या हातांनी केली, आणि १९५१ मध्ये वर्धा येथे स्थापन झालेल्या गांधी मेमोरियल लेप्रसी फाउंडेशनने डॉ. रा. वि. वर्देकर यांच्या नेतृत्वाखाली सर्वेक्षण, शिक्षण आणि उपचार ही त्रिसूत्री गावपातळीवर अमलात आणली, जी पुढे राष्ट्रीय कुष्ठरोग कार्यक्रमानेही स्वीकारली. कुष्ठरोगावरील बहुऔषधी उपचार देशात प्रथम ज्या जिल्ह्यांत सुरू झाले त्यांतही वर्धा होता, आणि कुष्ठरुग्णांसाठी आनंदवन उभारणारे बाबा आमटे यांचा जन्म याच जिल्ह्यातील हिंगणघाटचा. या साऱ्याचा परिणाम असा की चट्टा दिसला की तेथील संवेदना तपासावी, कोपराजवळची, गुडघ्याखालची आणि मानेची नस चाचपून पाहावी, कानाच्या पाळीतील द्रव काचपट्टीवर घेऊन जंतू शोधावेत, ही कृती येथील आरोग्यसेवकांच्या दोन-तीन पिढ्यांच्या अंगवळणी पडली.

ही परंपरा मोठी आहे, आणि त्वचेच्या लिम्फोमाचा विचार वर्ध्यात करताना तिच्यापासूनच सुरुवात करावी लागते. कारण जी शिस्त एका रोगाला हुडकून काढते, तीच दुसऱ्या रोगाला काही काळ झाकूनही ठेवू शकते. चट्टा कुष्ठरोगाचा आहे की नाही, हा प्रश्न येथे इतका ठसला आहे की ‘नाही’ असे उत्तर मिळाल्यावर तपासणी बहुधा तेथेच थांबते आणि रुग्ण गजकर्ण, इसब, शिबे किंवा कोड यांपैकी एखाद्या नावाखाली घरी परततो. बहुतेक वेळा ते नाव बरोबरही असते. क्वचित मात्र तो चट्टा रक्तातील एका विशिष्ट पांढऱ्या पेशीच्या कर्करोगाची पहिली खूण असते, आणि ती ओळखली जायला वर्षे लागतात.

शरीराच्या संरक्षणासाठी रक्त, लसीकाग्रंथी आणि त्वचा यांच्यामध्ये सतत फिरत राहणाऱ्या पेशींना लिम्फोसाइट म्हणतात; त्यांचे टी आणि बी असे दोन मुख्य वर्ग आहेत. या पेशींची अनिर्बंध वाढ म्हणजे लिम्फोमा. लिम्फोमा म्हटला की काखेतील, मानेतील किंवा जांघेतील गाठ डोळ्यांसमोर येते, परंतु काही लिम्फोमा गाठीत सुरू न होता थेट त्वचेत सुरू होतात आणि निदानाच्या वेळी शरीरात अन्यत्र त्यांचा मागमूस नसतो. त्यांनाच त्वचेचे प्राथमिक लिम्फोमा म्हणतात. लसीकाग्रंथींच्या बाहेर सुरू होणाऱ्या लिम्फोमांमध्ये पचनमार्गाच्या खालोखाल त्वचेचा क्रमांक लागतो. त्वचेत टी पेशींचे लिम्फोमा बी पेशींच्या लिम्फोमांपेक्षा पुष्कळ अधिक आढळतात, आणि त्यांतही सर्वांत मोठा वाटा मायकोसिस फंगॉइडिस या एकाच रोगाचा आहे.

पॅरिसच्या सेंट लुई रुग्णालयातील त्वचारोगतज्ज्ञ झां-लुई आलिबेर यांनी १८०६ मध्ये या रोगाचे पहिले वर्णन केले आणि रुग्णाच्या अंगावरील गाठी अळंब्यांसारख्या दिसल्यामुळे पुढे हे नाव रूढ झाले. या रोगाशी बुरशीचा काडीमात्र संबंध नसतो. तरीही अहवालावरील हे नाव वाचून एखाद्या औषध-दुकानदाराने रुग्णाच्या हाती बुरशीनाशक मलम ठेवावे, इतके ते दिशाभूल करणारे आहे. चट्टा, मग जाड चकती, मग गाठ, असा या रोगाचा तीन टप्प्यांचा प्रवास फ्रेंच त्वचारोगतज्ज्ञ बाझां यांनी १८७० मध्ये मांडला. संपूर्ण अंग लाल होऊन सोलवटणे, लसीकाग्रंथी वाढणे आणि रक्तात विचित्र आकाराच्या पेशी दिसणे, असे एकत्र चित्र आल्बेर सेझारी यांनी १९३८ मध्ये नोंदवले, आणि त्याला सेझारी सिंड्रोम हे नाव मिळाले. हे दोन्ही आजार टी पेशींचेच आहेत हे ध्यानात आल्यावर १९७० च्या दशकाच्या मध्यात त्यांना त्वचेचा टी-पेशी लिम्फोमा या एका छत्राखाली आणले गेले. पेशीचे कूळ कळायला आलिबेर यांच्यापासून पावणेदोनशे वर्षांच्या आसपास काळ जावा लागला, ही गोष्ट एखाद्या रुग्णाचे निदान लांबले म्हणून डॉक्टरवर चटकन ठपका ठेवणाऱ्याने विचारात घ्यायला हरकत नाही.

पाश्चात्त्य पाठ्यपुस्तकांतील छायाचित्रांत हा रोग गोऱ्या कातडीवरील लालसर, बारीक खपली धरलेल्या चट्ट्यांच्या रूपात दिसतो. सावळ्या त्वचेवर ही लाली झाकली जाते. चट्टा तपकिरी, राखाडी किंवा जांभळट भासतो, आणि पुष्कळदा तो आजूबाजूच्या त्वचेपेक्षा फिकट असतो. फिकट चट्ट्यांचा हा प्रकार गडद वर्णाच्या लोकांत, तुलनेने तरुण वयात आणि मुलांमध्येही आढळतो. त्यातील पेशी बहुधा सीडी-आठ ही खूण धारण करणाऱ्या असतात, तो संथ असतो आणि प्रकाशोपचाराला चांगली दाद देतो. वर्ध्यातील वाचकासाठी या सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही की विदर्भातील रुग्णाच्या अंगावर हा रोग ज्या रूपात येण्याचा संभव अधिक, ते रूप कुष्ठरोगाच्या रूपाशी सर्वाधिक मिळतेजुळते आहे.

हे साम्य केवळ रंगापुरते नाही. केसांच्या मुळांभोवती पेशी जमा होणाऱ्या उपप्रकारात चट्ट्यावरील केस झडतात, आणि केस विरळ झालेला चट्टा कुष्ठरोगातही दिसतो. वाढलेल्या अवस्थेत चेहऱ्याची त्वचा जाड होऊन घड्या पडतात आणि सिंहमुख म्हणून ओळखली जाणारी तीच मुद्रा तयार होते, जी कुष्ठरोगाच्या बहुजंतुक प्रकारात वर्णिली आहे. सूक्ष्मदर्शकाखालीही फसगत होऊ शकते, कारण काही लिम्फोमांत पेशींचे जे गुच्छ बनतात ते कुष्ठरोगातील गुच्छांसारखेच असतात. फरक हा की कुष्ठरोगात ते चेतातंतूंच्या कडेने लांबट पसरतात. चट्टा बधिर असेल आणि नस जाड लागत असेल तर कुष्ठरोगाकडे कौल झुकतो, हे खरे. पण चेहऱ्यावरच्या किंवा अगदी सुरुवातीच्या कुष्ठचट्ट्यात संवेदना शाबूत असू शकते, म्हणून संवेदना आहे एवढ्यावर कुष्ठरोग नाकारता येत नाही आणि लिम्फोमा ठरवताही येत नाही. चूक दोन्ही बाजूंनी संभवते. लिम्फोमाच्या रुग्णाने सहा महिने किंवा वर्षभर कुष्ठरोगाच्या गोळ्या घेतल्या तर त्याचे चट्टे तर राहतातच, शिवाय त्या औषधांपैकी क्लोफाझिमीनने त्वचेचा रंग तांबूस-काळपट होतो आणि पुढे पाहणाऱ्या डॉक्टरला मूळ रंगाचा अंदाज येणे आणखी कठीण होते.

तथापि कुष्ठरोगाच्या कामाने वर्ध्याला जे शिकवले त्यातील एक धडा येथे जसाच्या तसा उपयोगी पडतो : रुग्णाला चांगल्या उजेडात, संपूर्ण अंग उघडे करून, आणि स्त्री रुग्ण असल्यास स्त्री कार्यकर्त्याकडून तपासणे. मायकोसिस फंगॉइडिसचे चट्टे उन्हापासून झाकलेल्या जागी, म्हणजे कुल्ले, कंबर, मांड्यांचा वरचा भाग, स्तनांच्या खालची त्वचा आणि काखेजवळ आधी येतात. सेलू किंवा समुद्रपूर तालुक्यात कपाशीच्या शेतात उन्हात राबणाऱ्या माणसाचे हात-पाय आणि चेहरा स्वच्छ असू शकतो आणि धोतराखाली वा लुगड्याखाली दहा वर्षांचे चट्टे असू शकतात. गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात बाही वर सारून पाहण्याची जी पद्धत पडून गेली आहे, तिच्यामुळे हे चट्टे दिसत नाहीत. २००५ च्या अखेरीस कुष्ठरोगाचे सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून देशपातळीवर निर्मूलन झाल्याचे ठरले आणि त्या कामासाठीच नेमलेली स्वतंत्र यंत्रणा सर्वसाधारण आरोग्यसेवेत मिसळली गेली. त्यामागील कारणे समजण्यासारखी असली तरी अंग उघडून पाहणाऱ्या प्रशिक्षित डोळ्यांची संख्या त्यामुळे घटली, हे नमूद केले पाहिजे.

दरम्यान चट्ट्यावर उपचार होत राहतात. स्टिरॉइड, बुरशीनाशक आणि प्रतिजैविक असे सारे एकत्र कालवलेले मलम चिठ्ठीशिवाय सहज हाती पडते, आणि त्यातील स्टिरॉइडमुळे लिम्फोमाचा चट्टाही काही आठवडे फिका पडतो, खाज कमी होते, रुग्णाला गुण आल्यासारखे वाटते. मलम थांबले की चट्टा परत येतो. गजकर्णही असेच वागते, त्यामुळे कोणालाच वेगळी शंका येत नाही. मुख्यतः युरोपातील केंद्रांनी एकत्र येऊन ठेवलेल्या सुरुवातीच्या अवस्थेतील रुग्णांच्या नोंदीत पहिला चट्टा आणि निदान यांमधील मध्यक अंतर तीन वर्षांचे आढळले. ज्या देशांत त्वचारोगतज्ज्ञ सहज भेटतो तेथील ही स्थिती आहे.

निदानाचा कणा तुकडा तपासणी हाच आहे, आणि या ग्रंथातील सर्वांत विस्तृत प्रकरण तिलाच दिले आहे. सुरुवातीच्या चट्ट्यातील रोगट पेशी थोड्या असतात आणि त्यांच्याभोवती दाहाच्या साध्या पेशींची गर्दी असते. म्हणून पहिल्या तुकड्याचा अहवाल ‘जुनाट इसब’ असा आला तर तो खोटा नसतो, केवळ अपुरा असतो. विकृतिशास्त्रज्ञ ज्या खुणा शोधतो त्यांपैकी मुख्य म्हणजे लिम्फोसाइट त्वचेच्या वरच्या थरात शिरलेले असणे, तेही इसबात दिसणारी सूज फारशी नसताना. त्या थराच्या तळाशी ते एका रांगेत बसलेले असणे. त्यांचे केंद्रक मेंदूच्या वळ्यांसारखे घडीदार असणे. आणि क्वचित त्यांचे लहान पुंजके वरच्या थरात साठलेले असणे. या खुणा स्टिरॉइडने पुसल्या जातात. यासाठी तुकडा काढण्यापूर्वी दोन ते चार आठवडे मलम पूर्ण बंद ठेवावे, एकाऐवजी दोन-तीन जागांचे तुकडे घ्यावेत, आणि संशय कायम राहिल्यास तीन ते सहा महिन्यांनी पुन्हा घ्यावेत. पुन्हा तुकडा काढायचा म्हटले की आधीच्या डॉक्टरचे चुकले असे रुग्णाच्या घरच्यांना वाटते. ही तपासणी मुळातच पुनःपुन्हा करायची असते हे पहिल्या भेटीतच सांगून ठेवले, तर बरेच गैरसमज टळतात.

पेशींच्या पृष्ठभागावरील प्रथिने विशिष्ट रंगांनी ओळखण्याची पद्धत, म्हणजे इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री, आता अनेक वैद्यकीय महाविद्यालयांत उपलब्ध आहे. तिच्यामुळे पेशी टी आहेत की बी, त्यांत सीडी-चार अधिक की सीडी-आठ, आणि निरोगी टी पेशींवर असणारे सीडी-सात गळून पडले आहे काय, हे कळते. सर्व पेशी एकाच मूळ पेशीच्या वंशातील आहेत काय हे तपासणारी जनुकीय चाचणी याच्या पुढची पायरी होय. पण काही साध्या दाहातही एकच वंश बळावलेला दिसतो आणि सुरुवातीच्या लिम्फोमात तो दिसतही नाही, म्हणून केवळ त्या चाचणीवर विसंबून कोणाला कर्करोगाचा शिक्का मारणे धोक्याचे आहे. अखेरचा निर्णय त्वचारोगतज्ज्ञ आणि विकृतिशास्त्रज्ञ यांनी एकाच सूक्ष्मदर्शकाशी, रुग्णाची छायाचित्रे समोर ठेवून घ्यावा लागतो. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत, जी गांधी जन्मशताब्दीच्या १९६९ या वर्षी ग्रामीण भागासाठीचे वैद्यकीय महाविद्यालय म्हणून सुरू झाली, आणि सावंगी मेघे येथील जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयात हे दोन्ही विभाग एकाच आवारात आहेत. मोठ्या शहरात जेथे तुकडा एका टोकाला निघतो आणि दुसऱ्या टोकाच्या खासगी प्रयोगशाळेत तपासला जातो, तेथे अशी एकत्र बैठक वास्तविक अधिक अवघड असते.

निदान पक्के झाले की रोगाचा विस्तार मोजायचा. बोटांसह रुग्णाचा स्वतःचा तळहात म्हणजे अंगाचा सुमारे एक टक्का, हे माप धरून चट्ट्यांचे क्षेत्र काढतात. ते दहा टक्क्यांहून कमी असेल तर पहिली पायरी, अधिक असेल तर दुसरी. एक सेंटिमीटर किंवा त्याहून मोठी गाठ असेल तर तिसरी. आणि ऐंशी टक्के वा अधिक त्वचा लाल झाली असेल तर चौथी. त्याच्या जोडीला लसीकाग्रंथी, आतले अवयव आणि रक्त यांची तपासणी येते. जांघेत आलेले प्रत्येक अवधाण लिम्फोमाचे नसते, खाजवून झालेल्या जखमांमुळेही ते येते, हे विसरून चालत नाही. पहिल्या पायरीवरील रुग्णाचे आयुर्मान सर्वसामान्य माणसाइतकेच असते. सेझारी सिंड्रोमचे तसे नाही. तेथे हिशेब बहुधा तीन-चार वर्षांचा असतो.

इतर लिम्फोमांचा उल्लेख येथे ओझरताच पुरे. आपोआप येऊन आपोआप जाणाऱ्या फोडांचा लिम्फोमॅटॉइड पॅप्युलोसिस सूक्ष्मदर्शकाखाली भयंकर दिसतो आणि प्रत्यक्षात सौम्य असतो. त्वचेखालील चरबीत सुरू होणारा टी-पेशी लिम्फोमा तापासह कठीण गाठींनी प्रकट होतो आणि त्याला क्षयाची वा ल्युपसची गाठ समजले जाते. बी पेशींच्या प्रकारांपैकी दोन संथ असून बहुधा किरणोपचाराने आटोपतात, तर वृद्धांच्या पायावर वेगाने वाढणारा तिसरा प्रकार घातक असून त्याला पूर्ण औषधोपचार लागतो.

उपचारांबाबत एक गोष्ट ठामपणे सांगितली पाहिजे, कारण ‘कर्करोग’ हा शब्द उच्चारला गेला की सलाइनमधून दिल्या जाणाऱ्या केमोथेरपीची मागणी अनेकदा नातेवाईकच करतात. १९८९ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत मायकोसिस फंगॉइडिसच्या १०३ रुग्णांचे दोन गट पाडण्यात आले; एकाला सुरुवातीपासूनच संपूर्ण त्वचेचे इलेक्ट्रॉन किरण आणि अनेक औषधांची केमोथेरपी देण्यात आली, दुसऱ्याला आधी त्वचेवरचे सौम्य उपचार आणि गरज पडेल तसे पुढचे. जोरकस उपचारांत चट्टे अधिक प्रमाणात गेले, पण त्रासही अधिक झाला, आणि आयुर्मानात फरक पडला नाही. सुरुवातीच्या अवस्थेत संयम हाच उपचार, हे तत्त्व तेव्हापासून जगभर मान्य आहे. वर्ध्यात ते पाळणे सोपे असायला हवे, कारण पहिल्या फळीतील उपचार येथे मिळू शकतात : योग्य शक्तीचे आणि देखरेखीखाली लावलेले स्टिरॉइड मलम, ३११ नॅनोमीटर तरंगलांबीचा अतिनील-ब प्रकाश, आणि सोरालेन घेऊन त्यावर दिलेला अतिनील-अ प्रकाश. यांतील सोरालेन हे द्रव्य ज्या वनस्पतींत आढळते त्यांपैकी एक म्हणजे आयुर्वेदाने श्वित्रासाठी, म्हणजे कोडासाठी, वापरलेली बावची. १९७६ पासून मायकोसिस फंगॉइडिसमध्येही सोरालेन-प्रकाश पद्धतीची गुणकारिता नोंदली गेली. यंत्र नसेल तेथे सोरालेननंतर ठरावीक मिनिटे उन्हात बसण्याचा भारतीय पर्याय आहे. मात्र वर्ध्याच्या मे महिन्यातील उन्हात त्या मिनिटांचा हिशेब चुकला तर त्वचा भाजते, आणि झाकलेल्या जागी असणारे चट्टे उघड्यावर उन्हाला दाखवायचे कोठे, हा प्रश्न खेड्यातील स्त्रीसाठी उपचारापेक्षाही अवघड असतो.

प्रकाशोपचाराची खरी अडचण यंत्राची नसून फेऱ्यांची आहे. आठवड्यातून दोन किंवा तीन वेळा, अनेक महिने, दर वेळी काही मिनिटांच्या प्रकाशासाठी आर्वी, आष्टी किंवा कारंजा येथून एसटीने यायचे म्हणजे दर वेळी एक मजुरी बुडते. सोयाबीनच्या सोंगणीत आणि कापसाच्या वेचणीत उपचार खंडित होणार हे गृहीत धरूनच वेळापत्रक आखले पाहिजे. खंड पडला म्हणून रुग्णाला रागावणारा दवाखाना तो रुग्ण गमावतो. ज्यांना येणे शक्यच नाही त्यांच्यासाठी आठवड्यातून एकदा घ्यायच्या अल्प मात्रेतील मेथोट्रेक्सेटच्या गोळ्या हा मार्ग उरतो, रक्ताची आणि यकृताची नियमित तपासणी होणार असेल तर. ही गोळी रोज घेतली गेली तर जिवावर बेतते, म्हणून वार ठरवून तो कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून द्यावा लागतो.

गाठी उठल्या किंवा रोग रक्तात उतरला की चित्र बदलते. एकट्या गाठीला थोड्या मात्रेचे किरण पुरतात. संपूर्ण त्वचेला इलेक्ट्रॉन किरण देण्याची सोय मात्र देशातील मोजक्याच केंद्रांत आहे. रक्त शरीराबाहेर काढून त्यातील पांढऱ्या पेशींवर प्रकाश टाकून ते परत देण्याची पद्धत, ब्रेंटुक्सिमॅब आणि मोगॅम्युलिझुमॅब ही लक्ष्यवेधी औषधे, आणि दात्याच्या मूळपेशींचे रोपण, हे पर्याय प्रभावी असले तरी खर्च आणि उपलब्धता या दोन्ही बाबतींत जिल्ह्याबाहेरचे आहेत. खर्चाचा भार हलका करण्यासाठी सेवाग्रामच्या रुग्णालयाने एकेकाळी गावकऱ्यांकडून ज्वारीच्या रूपाने वर्गणी घेऊन आरोग्यविमा चालवला होता. शासकीय योजनांच्या आजच्या काळातही एखादा दुर्मिळ आजार मंजूर यादीत नेमका कोठे बसतो, हे शोधण्यात आठवडे जातात.

हा आजार दुर्मिळ आहे हे खरे, पण किती? अमेरिकेत त्वचेच्या टी-पेशी लिम्फोमाचे दर दहा लाख लोकांमागे वर्षाला सहा ते दहा नवे रुग्ण आढळतात. तोच दर जसाच्या तसा लावला तर २०११ च्या जनगणनेनुसार तेरा लाख लोकसंख्येच्या वर्धा जिल्ह्यात वर्षाला आठ ते तेरा रुग्ण निघावेत. मात्र वंश, वयोमान आणि तपासणीची सोय या तिन्हींनुसार हा दर बदलतो, म्हणून या आकड्याला अंदाजापलीकडे वजन देऊ नये. राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रमाखाली सेवाग्राम येथे जिल्ह्याची लोकसंख्याधिष्ठित नोंदणी चालते, ही देशातील फार थोड्या ग्रामीण जिल्ह्यांना लाभलेली सोय आहे. तरी नोंदणीला तोच रोग दिसतो ज्याचे निदान झाले आहे. इसब म्हणून मलम लावत राहिलेला माणूस तिच्या कोणत्याच रकान्यात येत नाही.

रुग्णाला काय सांगायचे, हा प्रश्न वर्ध्यात दुहेरी आहे. महारोगाची शंका मनात घेऊन आलेल्या माणसाला तो रोग नाही असे ऐकून हायसे वाटते आणि पुढच्याच वाक्यात कर्करोग ऐकावा लागतो. हा आजार कोणालाही लागत नाही, वेगळी भांडी वा वेगळे अंथरूण लागत नाही, लग्नात अडचण येण्याचे कारण नाही, आणि सुरुवातीच्या अवस्थेत तो मधुमेहाप्रमाणे वर्षानुवर्षे आटोक्यात ठेवता येतो, या गोष्टी रोगाच्या नावाआधी सांगितल्या गेल्या तर नाव ऐकताना ऐकणाऱ्याचे चित्त ठिकाणावर राहते. चट्टे जाऊन पुन्हा येतील, हेही त्याच बैठकीत सांगावे. अन्यथा पहिल्या पुनरुद्भवाला रुग्ण उपचार फसला असे समजून नागपूर-मुंबईकडे धाव घेतो.

तेथे जायची खरोखर गरज पडलीच तर सोबत काय न्यायचे, याची माहिती परिशिष्टात दिली आहे. केवळ टंकलिखित अहवाल पुरत नाही; तुकडा ज्यात जतन केलेला असतो तो मेणाचा ठोकळा आणि मूळ काचपट्ट्या रुग्णालयाकडून पोच देऊन घ्याव्यात, कारण नव्या केंद्रातील विकृतिशास्त्रज्ञाला नवे रंग त्याच ठोकळ्यावर करायचे असतात. पाच वर्षांपूर्वी ‘जुनाट इसब’ म्हणून फाइलला लागलेला पहिला ठोकळाही त्यांत असावा.